रिस्पेरिडोनमुळे बहिणीची पाळी बंद झाली आहे, अनुभव हवेत
धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोनने कानात येणारे आवाज थांबले, ती पुन्हा आमच्याशी बोलायला लागली. पण पाळी बंद झाली आणि स्तनांतून दूध येतं. कुर्त्यावर डाग दिसला की बिचारी खोलीबाहेरच येत नाही.

रक्तातलं प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) ९६ आलंय, साधारण २५ च्या आत हवं. थायरॉईड नॉर्मल, गर्भधारणा नाही. डॉक्टरांनी डोस कमी करून पाहिला, तर संशय घेणं परत सुरू झालं. त्यामुळे गोळी बंद करा असं कृपया सुचवू नका.

आता ते जोडीला कमी डोसचं अॅरिपिप्राझोल द्यायचं म्हणताहेत, त्याने प्रोलॅक्टिन उतरतं. कुणाच्या घरी हे केलंय का? पाळी साधारण किती दिवसांनी आली, आणि सुरुवातीला बेचैनी वाढली का?