कासाई रिन्काई पार्क: आई-बाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा रत्नागिरीहून आलेत. डिझ्नीलँड नको म्हणतात. बाबांचं एकच, "इथला समुद्र कुठाय?" टोकियोतल्या निशी-कासाईत राहून वर्ष झालं, पण मी पार्कातल्या आकाशपाळण्यापलीकडे गेलेले नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसांना तिथलं चालणं जमेल का?

*

ताई,
नक्की न्या. पाळणा ११७ मीटर उंच आहे, हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो; पण आधी सरळ समुद्राकडे जा. वाट सपाट आहे, बसायला बाकं आहेत. पूल ओलांडला की पश्चिमेचा किनारा. पूर्वेच्या किनाऱ्यावर माणसांना बंदी, तो पक्ष्यांसाठी राखलाय. हिवाळ्यात समोरच्या पाण्यावर स्कॉप बदकं हजारोंनी उतरतात.

बाबांना एक आवर्जून सांगा. हे दोन्ही किनारे माणसाने पुन्हा घडवलेत. पूर्वी इथे कोळ्यांची वस्ती होती, कासाईची नोरी (खायचं समुद्री शेवाळ) नावाजलेली होती. पाणी नासलं, भराव पडले आणि १९६२ मध्ये त्यांना मासेमारीचे हक्क सोडावे लागले. पार्क १९८९ मधलं. २०१८ मध्ये हा किनारा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला, टोकियोतला पहिलाच. आपली ठाणे खाडी त्या यादीत २०२२ मध्ये आली. गेलेला किनारा परत आणता येतो, हे मला तिथे उभं राहिलं की दर वेळी खरं वाटतं.

आता तर वसंत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भर दुपारी ओहोटी लांबवर जाते आणि लोक तिसऱ्या (शिंपले) काढायला उतरतात. पैसे पडत नाहीत. गेल्या वर्षी माझी आई चपला हातात घेऊन चिखलात शिरली, पायाच्या अंगठ्याने चाचपलं आणि वाकून पहिली तिसरी काढली. मग तासभर ती वर आलीच नाही. हाताचं छोटं खुरपं पुरतं. बारकी शिंपली तिथेच सोडा. घरी आणल्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे वाळू निघते. आम्ही घाई केली आणि तिसऱ्यांची अख्खी एकशिपी कचकच लागली.

पार्कातल्या मत्स्यालयातले ट्यूना मासेही दाखवा, फक्त बुधवार टाळा, तेव्हा ते बंद असतं.

*

दादा, मनापासून आभार. बाबांनी लगेच कॅलेंडर काढलं, अमावास्या शुक्रवारी आहे. शनिवारी अकराला स्टेशनबाहेर भेटूया? आई विचारतेय, नारळ इथे कुठे ताजा मिळतो?