पावसाळाभर उभा राहिलेला कॅम्पिंग ट्रेलर: आधी दुरुस्ती की आधी सोयी?

म्हादईकाठ:

नमस्कार. गेल्या मार्चमध्ये आम्ही एका ओळखीच्या कुटुंबाकडून वापरलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेतला. एकच ॲक्सल, दोन चाके, कागदावर एकूण कमाल वजन ७५० किलो, आत दोघांपुरती झोपण्याची जागा, मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा आणि छतावर १०० वॅटचे सौर पॅनेल, असे त्याचे स्वरूप आहे. नोंदणी व विमा आमच्या नावावर झाला आहे आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ओढण्याच्या मर्यादेत हे वजन बसते, याची खात्री करून घेतली आहे.

जूनपासून हा ट्रेलर फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या परसात निळ्या ताडपत्रीखाली उभा होता. चवथीची गडबड संपल्यावर ताडपत्री सोडली आणि दार उघडताच कोंदट वास आला. गादीच्या खालच्या अंगाला काळपट बुरशी धरली आहे आणि उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यातली प्लाय अंगठ्याने दाबली तर दबते. बॅटरीही पूर्ण उतरली आहे.

दिवाळीनंतर आधी मोल्याला एक मुक्काम, तो नीट जमला तर अनमोड घाट चढून दांडेलीकडे आणि पुढे कधीतरी शिरोडा-वेंगुर्ल्याच्या बाजूला जाण्याचा विचार आहे. हाताशी पैसे मोजके आहेत. छोटा फ्रिज आणि मोठी बॅटरी आधी घ्यावी असे मला वाटते. ओल गेल्याशिवाय दुसऱ्या कशावरही खर्च करू नये, असे पत्नीचे म्हणणे आहे. ज्यांनी असा ट्रेलर गोव्याच्या हवेत काही वर्षे वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे की कामे कोणत्या क्रमाने करावीत.

सत्तरीकर:

आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. छताचे सांधे वर्षातून एकदा पाहण्याचा सल्ला कोरड्या प्रदेशात पुरत असेल. मी मात्र ते दोनदा पाहतो, एकदा मृगाआधी आणि एकदा चवथीनंतर.

प्लाय बदलण्यापूर्वी पाणी कुठून येते ते शोधा. हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या ट्रेलरचा असाच कुजलेला कोपरा मी एका वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला दिला. त्यांनी नवी प्लाय बसवली, वरून सिलिकॉन फासले आणि पुढच्याच आषाढात ती नवी प्लायही फुगली. शेवटी मी आतले अस्तर काढले, टॉर्च घेऊन आत बसलो आणि मुलाला बाहेरून बागेच्या पाइपाने पाणी सोडायला सांगितले. कोपऱ्यावर पाणी सोडले तेव्हा आत काहीच आले नाही. पाइप छतापर्यंत गेल्यावर मात्र, कोपऱ्यापासून जवळजवळ तीन फूट पुढे, कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीतल्या एका स्क्रूचे टोक आतून ओले दिसू लागले. त्या गंजलेल्या टोकावर थेंब जमायचा, तांबूस होऊन सुटायचा आणि चौकटीच्या लाकडावरून घरंगळत मागच्या कोपऱ्यात जाऊन मुरायचा.

ही तपासणी करताना पाणी नेहमी खालून वर न्यावे. आधी भिंतीचा खालचा भाग, मग खिडक्या, मग दिवे आणि सर्वांत शेवटी छत, आणि प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटे थांबावे. आरंभीच छतावर पाणी सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि फट कोणती ते कळत नाही. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा वापरू नये, कारण तो धड असलेल्या सांध्यातूनही पाणी आत घुसवतो.

फट सापडली की ती पट्टी, खिडकी किंवा दिवा पूर्ण उतरवावा, जुना चिकटा प्लास्टिकच्या पात्याने खरवडावा, जागा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्यावी आणि मगच बुटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून स्क्रू बसवावेत. टेप हळूहळू दबत जाते, म्हणून दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा हलके आवळावेत. सिलिकॉन टाळावे, असा माझा आग्रह आहे, कारण एकदा ते लावले की त्या जागी पुढे दुसरे काही नीट धरत नाही. नवी प्लाय आयएस ७१० प्रतीची, म्हणजे मरीन प्लाय घ्यावी आणि कापलेल्या कडांवर मेस्ताकडून इपॉक्सी लावून घ्यावे. प्लाय कडेनेच सर्वांत जास्त पाणी पिते.

ताडपत्रीविषयी सांगायचे तर, अंगाला घट्ट बांधलेली ताडपत्री पाऊस अडवते, पण आतली दमट हवाही कोंडून ठेवते. चारही बाजूंनी मोकळी, वर पत्रे घातलेली साधी शेड यापेक्षा कितीतरी चांगली. ट्रेलरचे पुढचे टोक किंचित खाली किंवा वर ठेवावे, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. गादी घरात न्यावी, कपाटांची दारे उघडी ठेवावीत, छताची झडप जाळीसह थोडी उघडी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, दार-खिडक्या तासभर मोकळ्या कराव्यात. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून तळाची भोके बारीक तारेच्या जाळीने बंद करावीत.

घाटवाट:

ओलीनंतरचा पहिला खर्च चाकांवर करावा. ट्रेलर वर्षभर उभा असतो, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र आतून वठलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. सहा वर्षे उलटलेला टायर, त्याची नक्षी कितीही शाबूत असली तरी, मी घाटात नेत नाही. हवा चाके थंड असतानाच तपासावी.

बेअरिंग उघडून, जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे भरावे आणि मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलावे. जुन्या ग्रीसमध्ये दुधाळ छटा दिसली तर पाणी आत गेले आहे असे समजावे. फोंड्याहून निघाल्यावर मोल्याला, चढ लागण्यापूर्वी, गाडी थांबवून दोन्ही चाकांच्या मध्यभागाला हात जवळ नेऊन पाहावे. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच चाक हात ठेववत नाही इतके तापले असेल, तर बेअरिंग घट्ट बसले आहे किंवा ब्रेक घासतो आहे आणि तसेच पुढे जाऊ नये. चाक काढून बसवल्यावर पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत.

सामान कुठे ठेवले आहे याला फार महत्त्व आहे. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जोडावर, यावा, म्हणजे ट्रेलर ६०० किलो भरत असेल तर ६० किलोच्या आसपास. शिवाय तो गाडीच्या हिचसाठी दिलेल्या मर्यादेत असावा. घरातला वजनकाटा आणि त्यावर हिचच्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून हे सहज मोजता येते. जड सामान ॲक्सलच्या आसपास आणि तळाशी ठेवावे. मागच्या ओट्यात तांदूळ, पाण्याचे कॅन आणि भांडी कोंबली की पुढचा भार कमी होतो आणि उतारावर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो. तसे झाले तर स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. ते सरळ धरून, ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप कमी होऊ द्यावा. अनमोडचा घाट उतरताना आरंभापासूनच खालचा गिअर ठेवावा.

सुरक्षेच्या साखळ्या हिचखाली एकमेकींवरून फुलीसारख्या ओढून अडकवाव्यात, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचे तोंड रस्त्यावर आपटत नाही. दिवे मिणमिणत असतील तर आधी प्लगच्या पिना आणि अर्थिंगची वायर घासून पाहा. आपल्या खाऱ्या हवेत बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. फेरीबोटीत चढताना जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला टेकू देणारे छोटे चाक) पूर्ण वर घेतले आहे ना, हे उतरून पाहावे.

सांजदिवा:

गॅसविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच आणि ती चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या घराने बुजलेली नाही, हे प्रत्येक खेपेला पाहावे. रबरी नळीवरची तारीख पाहून पाच वर्षांच्या आत ती बदलावी. जोड साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी पेटवून कधीही नाही. गाडी चालू असताना सिलिंडरची झडप बंद असावी आणि आत झोपताना, बाहेर कितीही पाऊस असला तरी, वरची व खालची हवेची वाट मोकळी असावी.

म्हादईकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीला हे वाचून दाखवले. आमच्या टायरवर ३११७ असे आकडे आहेत, म्हणजे ते २०१७ चे आहेत, ते बदलणारच. बॅटरी मात्र साधी १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड आहे आणि चार्जर लावून एक रात्र ठेवली तरी सकाळी ११.९ व्होल्ट दाखवते. ती गेली का? आणि फ्रिजचा विचार सोडूनच द्यावा का?

तांबडी माती:

बहुधा गेली आहे. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती अर्धी उतरलेली असते. आपले सौर पॅनेल ताडपत्रीखाली होते, त्यामुळे तीन महिने तिला काहीच मिळाले नाही. अशी उपाशी राहिलेली बॅटरी आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरते आणि मग तिची क्षमता परत येत नाही. यापुढे पावसाळ्यात तिचे टोक सोडवून ती घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण भरावी.

नवी घेण्यापूर्वी हिशेब करा. १२ व्होल्टचा २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर २०० वॅट-अवर, दिव्यांचे ४०, फोन आणि पाण्याच्या पंपाचे मिळून ४० धरले तर एका रात्रीला २८० वॅट-अवर लागतात. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड कागदावर १,२०० देते, पण अर्ध्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून ६०० धरावेत. म्हणजे फ्रिजशिवाय दोन रात्री सुखाने जातात. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उकाड्यात दिवसाला आणखी ३०० ते ४०० सहज घेतो. १०० वॅटचे पॅनेल उघड्यावर, लख्ख उन्हात, दिवसाला साधारण तेवढेच परत देते. मोल्याच्या झाडीत ट्रेलर सावलीला लावाल तेव्हा त्यातले फार थोडे मिळेल. त्यामुळे यंदा चांगली बर्फपेटी घ्या, फ्रिज पुढच्या वर्षी. लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि तिची ८० टक्के क्षमता निर्धास्तपणे वापरता येते, परंतु तिला तिच्यासाठीचाच चार्जर व सोलर कंट्रोलर लागतो, हा खर्च धरून निर्णय घ्यावा.

कोणतीही बॅटरी घेतली तरी धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज असावा. मुक्कामी कोणाच्या घरून वीज घेतली तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) मध्ये असावा आणि एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर भार आला की तापून वितळते.

दर्यावाट:

शिरोडा-वेंगुर्ल्याहून परत आल्यावर त्याच दिवशी चासी, ब्रेक आणि पायऱ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि रंग उडालेल्या जागी झिंक प्रायमर लावावा. पाण्याची टाकी प्रवासात पूर्ण भरलेली किंवा रिकामी असावी, कारण अर्धी टाकी वळणावर हिंदकळते. पोर्टेबल शौचालय घरच्या संडासातच रिकामे करावे, ओहोळात किंवा रानात कधीही नाही. गोव्यात किनाऱ्याच्या वाळूवर वाहन उतरवण्यास बंदी आहे आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालायला येतात, म्हणून ट्रेलर रस्त्याच्या आतच थांबवावा. मोल्याला अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

म्हादईकाठ:

काल संध्याकाळी पाइपाने तपासणी केली. पत्नी आत टॉर्च घेऊन बसली होती आणि मी सत्तरीकरांनी सांगितल्याप्रमाणे खालून सुरुवात केली. खिडकी कोरडी राहिली. मागच्या वरच्या दिव्यापाशी पाणी पोहोचल्यावर सहाव्या मिनिटाला तिने आतून भिंतीवर थाप मारली. दिव्याच्या वायरीवरूनच पाणी ओघळत आत येत होते. बुटिल टेप आणि मरीन प्लायचा तुकडा मागवला आहे. शनिवारी ऊन पडले तर दिवा उतरवणार आहे.

सत्तरीकर:

उतरवण्यापूर्वी वायरींच्या जोडांचा फोटो काढून ठेवा आणि बसवताना वायरीला भोकाच्या बाहेर, खालच्या बाजूला एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातूनच खाली टपकेल आणि आत जाणार नाही. भोकातला रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीचे कडे) कडक झाला असेल तर तोही त्याच वेळी बदला.