शब्दचर्चा : कायद्यांचं ‘एकत्रीकरण’ की ‘संहितीकरण’? (चर्चेत सगळे टोपणनावाने लिहितात)

मसुदा
राज्यातले तिन्ही कुळकायदे एक करण्याविषयीच्या इंग्रजी टिपणाचा अनुवाद चालू आहे. ‘कन्सॉलिडेशन’ला परिभाषेतला ‘एकत्रीकरण’ वापरला, तर तपासणाऱ्यांनी आक्षेप घेतला : शेतकऱ्याला वाटेल जमिनींचं एकत्रीकरण पुन्हा निघालं. आक्षेपात तथ्य आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या पूर्ण नावातच ‘एकत्रीकरण’ आहे आणि गावात त्या शब्दाचा अर्थ गट नंबर पडणं, एवढाच. टिपणात दुसरा शब्द आहे ‘टेक्निकल क्लीनअप’, म्हणजे अर्थाला हात न लावता क्रमांक, संदर्भ, भाषा ठाकठीक करणं. दोन्हींना काय म्हणावं?

पोटकलम
‘संहितीकरण’ लिहा. जमीन महसुलाचं तेच झालं. मुंबईची १८७९ ची संहिता, मध्य प्रदेशाची १९५४ ची आणि मराठवाड्यातला हैदराबादचा १३१७ फसलीचा कायदा (५९० मिळवले की इसवी सन येतो) यांच्या जागी १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. कुळकायदे मात्र वेगळेच राहिले : मूळ मुंबई भागाला १९४८ चा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, विदर्भाला १९५८ चा.

तळटीप
पोटकलम, दोन वेगळी कामं एकाच शब्दात कोंबू नका. एकत्रीकरणात विखुरलेल्या तरतुदी एका अधिनियमात आणतात, कायदा आहे तोच राहतो. संहितीकरणात विषयाची सगळी मांडणी नव्याने होते आणि निवाड्यांतून पक्के झालेले नियमही कलमांत येऊ शकतात. १९६६ ची संहिता तर ‘एकरूप करणे व सुधारणा करणे’ अशा दुहेरी हेतूने आली. मसुदा यांचं टिपण तीन कायदे अर्थ न बदलता एकत्र आणण्याबद्दल असेल, तर ‘संहितीकरण’ हा शब्द जास्तीचं आश्वासन देतो.

पदपाठ
‘संहिता’ म्हणजे मुळात एकत्र ठेवलेलं, सम् अधिक धा. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘परः सन्निकर्षः संहिता’, वर्णांची अत्यंत जवळीक. वेदाच्या संहितापाठात शब्द संधी होऊन सलग येतात, पदपाठात सुटे. म्हणजे तळटीप ज्याला एकत्रीकरण म्हणतात तोच संहितेचा मूळ अर्थ.

तळटीप
व्युत्पत्ती बरोबर आहे, पण विधिमंडळात शब्द व्युत्पत्तीवर चालत नाही. ‘दंड संहिता’ म्हटल्यावर १८६० पासून वाचणाऱ्याच्या मनात जे येतं, तो आजचा अर्थ.

सातबारा
शब्द काहीही ठरवा, खरी अडचण क्रमांकांची आहे. कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित करू नये, ही एकच गोष्ट १९४८ च्या कायद्यात कलम ४३ मध्ये, हैदराबादच्या कायद्यात ५०-ब मध्ये आणि विदर्भाच्या कायद्यात ५७ मध्ये आहे. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे शेरे आहेत. उद्या एकत्रित अधिनियमात ती तरतूद समजा कलम ६१ झाली, तर शेरा जुना क्रमांक दाखवत राहणार आणि नव्या कायद्याच्या ४३ मध्ये भलतंच काही असणार. खरेदीखत नोंदवायला आलेला माणूस नवा अधिनियम उघडून ४३ वाचणार, ‘इथे बंधन नाही’ म्हणणार आणि फेरफार अडकणार.

कायद्याने यावर उपाय आहे. केंद्राच्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम ८ सांगतं की जुनी तरतूद निरसित (रिपील) करून, फेरबदलासह किंवा त्याविना, पुन्हा अधिनियमित केली, तर इतर अधिनियमांतले आणि लेखांतले (दस्तऐवजांतले) जुने संदर्भ नव्या तरतुदीचे समजायचे, वेगळा उद्देश दिसत नसेल तर. राज्याच्या कायद्यांना १९०४ चा राज्याचा वाक्खंड अधिनियम आहे. पण हे वकिलाला कळतं, तलाठ्यापुढे बसलेल्याला नाही. म्हणून दोन तक्ते हवेतच : जुनं कलम कुठे गेलं, आणि नवं कलम कुठून आलं. दुसरा तक्ता हमखास विसरला जातो.

मसुदा
तक्ते टिपणातही आहेत. पण ‘क्लीनअप’?

पोटकलम
‘शुद्धीकरण’.

तळटीप
नको. त्या शब्दाला धर्माचा आणि जातीचा वास आहे. शिवाय राजपत्रात ‘शुद्धिपत्र’ आधीच आहे आणि त्याची मर्यादा ठरलेली आहे : छपाईत चुकलं तर शुद्धिपत्र, पण सभागृहाने मंजूर केलेल्या विधेयकातच चूक असेल तर सुधारणा अधिनियमच आणावा लागतो. ‘शुद्धीकरण’ म्हटलं की ही रेषा पुसली जाते.

पदपाठ
‘परिष्करण’ घ्या.

सातबारा
कोण वाचणार ते? ‘तांत्रिक दुरुस्ती’ लिहा, सगळ्यांना कळेल. आणि ‘निरसन’ (रिपील), ‘व्यावृत्ती’ (सेव्हिंग्ज) हेही बदला. ‘रद्द’ आणि ‘राखून ठेवलेल्या बाबी’ पुरेत.

तळटीप
‘रद्द’ला माझा ठाम विरोध. न्यायालय घटनाबाह्य तरतूद रद्दबातल ठरवतं तेव्हा ती सहसा मुळातच नव्हती असं धरतात. विधिमंडळ निरसन करतं तेव्हा आधी घडलेलं सगळं वैध राहतं. शिवाय सुधारणा अधिनियमाने केलेली शब्दांची दुरुस्ती एकदा मूळ अधिनियमात बसली की तो निरसित झाला तरी दुरुस्ती टिकते, १८९७ च्या अधिनियमाचं कलम ६-क पाहा. म्हणून तर काम संपलेले अधिनियम निर्धास्तपणे काढता येतात. केंद्राने २०१६ मध्ये एकाच अधिनियमाने ७५८ विनियोजन अधिनियम (सरकारी खर्चाला मंजुरी देणारे) निरसित केले. ‘७५८ कायदे रद्द’ असं छापलं तर वाचणाऱ्याला वाटतं केवढी उलथापालथ झाली.

सातबारा
बरं, ‘निरसन’ राहू द्या, ‘शंकानिरसन’ लोकांच्या तोंडी आहेच. पण ‘व्यावृत्ती’? मूळ अर्थ परत फिरणं, वगळणं. ज्या कलमामुळे जुने आदेश, परवाने, प्रलंबित अपिलं जिवंत राहतात त्याला हे नाव? वाचणारा उलटंच समजतो.

पदपाठ
निरसनाच्या परिणामातून वगळलेल्या बाबी, म्हणून व्यावृत्ती. अर्थ नीट लागतो.

सातबारा
समजावून सांगितल्यावर लागतो.

कोमुनिदाद
गोव्याचं उदाहरण देतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला वारसाहक्काचा भाग २०१२ च्या गोव्याच्या अधिनियमाने बदलला, तो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. मूळ संहितेतल्या इतर काही तरतुदी अजून चालू. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीची संस्था) संहिता १९६१ ची, मूळ मजकूर पोर्तुगीज, नंतरच्या दुरुस्त्या इंग्रजीत. इथे ‘अर्थ न बदलता एकत्र करणं’ यात अनुवाद आलाच आणि अनुवादात अर्थ हलतो. नुसतं शब्द सुचवून भागत नाही, कोणत्या भाषेतला पाठ अधिकृत हे आधी ठरवावं लागतं.

पोटकलम
महाराष्ट्रातही तो प्रश्न आहे. मराठीत संमत झालेल्या अधिनियमाचा राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हाच संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार इंग्रजीतला प्राधिकृत पाठ. आणि नावांचा गोंधळ वेगळा. २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ ने ‘मुंबई पोलीस अधिनियम, १९५१’ सारख्या नावांत ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं, तेही १ मे १९६० पासून. मग १९७५ च्या निवाड्याचा अनुवाद करताना कोणतं नाव लिहायचं?

तळटीप
निवाड्यात आहे तेच, तळटिपेत आजचं. न्यायाधीशांच्या तोंडी नंतरचं नाव घालू नये.

पदपाठ
नाव १९६० पासूनच बदललं असं कायदा म्हणतो, मग जुनं नाव लिहिणं चूक नाही का?

तळटीप
कायदा अधिनियमाचं नाव बदलतो, निवाड्याचा मजकूर नाही.

मसुदा
तूर्त ‘अधिनियमांचे एकत्रीकरण’ असं पूर्ण लिहून पाठवतो, नुसतं ‘एकत्रीकरण’ कुठेही नाही. ‘व्यावृत्ती’ तशीच ठेवली आहे, कंसात ‘राखून ठेवलेल्या बाबी’.

सातबारा
उलट करा. कंसात व्यावृत्ती.