मदत हवी आहे: ताजिकिस्तानात पामीरच्या रस्त्याने जाणं कितपत सुरक्षित?

निपाणीकर: जुलैत राजधानी दुशान्बेहून खोरोग-मुर्गाब असा बेत आहे. तिघं जण, त्यात दोघी बायका, एकीचं वय ६२, बीपीची गोळी चालू. सगळे शाकाहारी. रस्ता अफगाणिस्तानच्या काठाने जातो म्हटल्यावर घरचे नकोच म्हणताहेत. ठरवायचं कशावर?

खानापूर_घाट: अख्ख्या देशाचा निकाल एका वाक्यात लावू नका, पट्टा बघा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रवास-सूचनांत भागवार माहिती असते, ती वाचा. किर्गिझ सीमेवर २०२१ आणि २०२२ मध्ये लढाई झाली, पण मार्च २०२५ मध्ये सीमाकरार झाला. म्हणजे ती जुनी बातमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र अफगाण हद्दीतून झालेल्या हल्ल्यांत चिनी कामगार मेले, ही ताजी, आणि थेट तुमच्याच रस्त्याची. अफगाण सीमेवरच्या पांज नदीच्या काठावर जुने सुरुंग आहेत, फोटोसाठी खाली उतरू नका. चौक्यांचे फोटो नकोत, ड्रोन घरीच ठेवा. विमा काढताना लेखी विचारा: सरकारने 'जाऊ नका' म्हटलेल्या भागात भरपाई मिळते का? बहुतेक नाही मिळत.

दुसरी गोष्ट, खोरोग-मुर्गाब ज्यात येतात त्या बदख्शान प्रांताचा वेगळा परवाना लागतो. ई-व्हिसाच्या अर्जातच त्याची खूण करायची, विसरलात तर दुशान्बेत हेलपाटे. मे २०२२ मध्ये खोरोगकडे गोंधळ झाला तेव्हा तो भाग पर्यटकांना बंदच झाला होता. म्हणून पर्यायी बेत ठेवा: फान डोंगर, इस्कंदरकुल तलाव. तिथे तो परवाना लागत नाही. पासपोर्ट, व्हिसा, परवाना यांच्या झेरॉक्स भरपूर घ्या, चौकीचौकीवर मागतात.

डॉक्टर_चिकोडी: बंदुकीपेक्षा मला उंचीची काळजी जास्त वाटते. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटरवर, मुर्गाब ३,६०० च्या वर, आणि पुढे अक-बैताल खिंड ४,६५५. किर्गिझस्तानातल्या ओशकडून शिरलात तर दोन दिवसांत चार हजारावर पोचता, डोकं धरून बसाल. दुशान्बेकडून जा, खोरोगला दोन रात्री काढा. ३,००० च्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्स १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, असं सहसा देतात. पण ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर धोक्याचं. बाईंच्या बीपीच्या गोळीचं नाव दाखवून त्यांच्या डॉक्टरांना विचारा, परस्पर सुरू करू नका.

निपाणीकर: आणि जेवण? माणसं कशी आहेत?

खानापूर_घाट: माणसं अगत्याची. दारात आलेल्याला चहा आणि नान देतात. नान उताणी ठेवा, पालथी ठेवणं तिथे अपमान मानतात. शाकाहाराची मात्र पंचाईत. 'बे गोश्त' म्हणजे मांसाशिवाय (आपल्या बेइमानातलाच 'बे'), पण त्यावर पुलावातले तुकडे बाजूला काढून तेच ताट पुढे येतं. सूप मांसाच्या पाण्यातच शिजतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत घ्या, कुंदा (आपली दुधाची मिठाई) इतके दिवस टिकत नाही. पैसे डॉलरमध्ये, कोऱ्या नोटा. खोरोगच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका.