सोसायटीतला मुलगा एमडीसकट सापडला तर पोलीस की उपचार?

घोडबंदरकर: आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीमागे वॉचमनला विशीतला एक पोरगा सापडला, खिशात एमडीची (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीची) पुडी. आता कमिटीचा ठराव आलाय : यापुढे कुणी सापडला की थेट पोलीस, आणि भाडेकरू असेल तर घर खाली. माझा पाठिंबा आहे. इमारतीत दहावी-बारावीची पोरं आहेत, एकाला सोडलं की चार बिघडतात.

वागळे_इस्टेट: भाडेकरू असेल तर घर खाली, आणि मालकाचा चिरंजीव असेल तर? मेंटेनन्समध्ये सूट?

नेरूळची_ताई: ठरावाला माझा विरोध. आमच्या घरातलंच सांगते. चुलतभाऊ इंजिनिअरिंगला होता. दोन-दोन रात्री जागा. जबडा आवळायचा, दात खायचा, म्हणून तोंडात कायम च्युइंगम. काकू म्हणायची, सबमिशनचं टेन्शन आहे. मग एकदम दिवसभर मेल्यासारखा झोपायचा आणि उठला की चिडचिड, रडारड. गालफडं बसली, तरी आम्ही मेसच्या जेवणाला नावं ठेवत होतो. देव्हाऱ्यातली चांदीची वाटी गायब झाली तेव्हा कुठे घर जागं झालं.

आता कायद्याचं. एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम 64 अ वाचा. व्यसनी माणसाकडे अल्प प्रमाणात माल सापडला (एमडीसाठी ही मर्यादा 2 ग्रॅम) आणि तो आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. ही वाट कायद्यानेच ठेवलीय, तुमची कमिटी ती का बुजवतेय?

कळवा_लोकल: ताई, भावाचं वाईट वाटलं. पण पेडलरपर्यंत पोहोचणार कसं? पोरगा नाव सांगेल तेव्हाच ना? सगळेच गुपचूप उपचाराला गेले तर विकणारा उद्या दुसऱ्या गच्चीवर.

नेरूळची_ताई: पोरगा बहुतेकदा फक्त एक मोबाइल नंबर सांगतो, आणि तोही तोवर बंद झालेला असतो. विकणाऱ्याला धराच. 50 ग्रॅमपेक्षा जास्त एमडी सापडलं तर किमान 10 वर्षं आहेत. पण त्यासाठी गिऱ्हाईक आत टाकून काय मिळतं? तिथून नव्या ओळखी घेऊन येतो.

पामबीच_आजोबा: थर्टीफर्स्टला क्लबहाऊसमध्ये बाटल्या कोण उघडतं? एम्सने 2019 साली अहवाल दिला, देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी. तिच्यावर ठराव आणा की.

घोडबंदरकर: आजोबा, विषय एमडीचा आहे.

कोपरखैरणे_सेक्टर: उपचार म्हणताना केंद्र बघून घ्या. फार्महाऊसवर कोंडून मारणारेही आहेत. नोंदणी आहे का विचारा, घरच्यांना भेटू देतात का ते बघा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, आणि 14446 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

घोडबंदरकर: ठीक. पहिल्यांदा सापडला आणि घरचे केंद्रात न्यायला तयार असतील तर पोलीस नाही, एवढी दुरुस्ती मांडतो. भाडेकरूचं कलम मात्र राहणार.

वागळे_इस्टेट: मग माझं मत विरोधातच. घर खाली करायला लावायचा अधिकार कमिटीला दिला कुणी, तेही मीटिंगमध्ये सांगा.