लाल कोरीव चिनी डबी: कोरलेली की साच्यातली?

डबीवाला
झाकणाची गोल डबी आहे, लाकडावर लॅकरचं (झाडाच्या चिकाचे थर चढवून केलेलं) काम म्हणतात, व्यास ११ सेंमी. वरून लाल, झाकणावर शेवंतीची फुलं, आतून आणि बुडाला काळी. विकणारा चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळातली म्हणतो, कारण बुडावर सम्राट योंगलेच्या नावाची सहा अक्षरं कोरून त्यात सोनं भरलंय. झाकणाला लाकडाच्या रेषेत ४ सेंमीची केसासारखी चीर आहे आणि खाचांत धूळ घट्ट बसलीय. न खरवडता पारख कशी करायची? तापलेली सुई टोचून बघ, असं एकाने सुचवलंय.

भिंगधारी
सुई नकोच. या कामातला लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधक. तापवलात की पाऱ्याची वाफ निघते, आणि वस्तूला भोक पडतं ते वेगळंच. कोरड्या सॅंडपेपरनेही घासू नका.

१० पटीचं भिंग घ्या आणि बाजूने, तिरपा उजेड पाडा. कोरलेल्या कामात पाकळीची भिंत कापल्यासारखी सरळ उतरते, कुठे कुठे पाकळीखालून पातं आत गेलेलं असतं. मागच्या बारीक जाळीत एखादी रेघ कोपरा ओलांडून पुढे गेलेली दिसते. दोन फुलं हुबेहूब सारखी नसतात. साच्यातल्या राळेच्या मालात कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल असतात, टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे आणि काठाला साच्याचा सांधा दिसतो. तिसरा प्रकार जास्त फसवा: लुकणावर नक्षी उठवून वरून फक्त लाल हात दिलेला. हेही चीनमध्ये जुनंच आहे. तिथे टवका उडाला की आत करडं लुकण दिसतं.

चीकशास्त्री
ही आपली लाख नव्हे, एवढं आधी डोक्यात ठेवा. सावंतवाडीच्या लाकडी कामातली लाख किड्याची, स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी लॅकर हा झाडाचा चीक, आणि ते झाड बिब्ब्याच्या कुळातलं. ओला चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उततो. तो उन्हात वाळत नाही. साधारण ७० ते ८० टक्के दमट हवेत, २० ते ३० अंशांवर, प्राणवायू घेऊन घट्ट होतो. म्हणून एकेक हात पातळच द्यावा लागतो. जाड दिला तर वरची साय धरते, आतला ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात.

एक हात मिलिमीटरच्या तीन-पाच शतांशाएवढा. म्हणजे ३ मिमी नक्षीसाठी साठ ते शंभर हात. रोज एक धरला तरी कोरणारा हत्यार उचलेपर्यंत दोन-तीन महिने गेले. मग थर कडक व्हायच्या आत कोरायचं, नाहीतर कपच्या उडतात.

डबीवाला
भिंगातून पाहिलं. काठाला एक टवका उडालाय. लाल थर २ मिमीच्या आसपास, त्यात मधेच एक बारीक काळी रेघ, तळाशी पिवळट.

भिंगधारी
मग थरांचं काम आहे, राळेचं नाही. काळी रेघ म्हणजे कोरणाऱ्याची खूण. काळं लागलं की किती खोल आलो ते कळतं. पिवळा थर म्हणजे नक्षीमागची जमीन. ही पद्धत सुरुवातीच्या मिंग कामात आहे, पण नंतरच्यांनी तिची नक्कलही केलीय. त्यामुळे यावरून काळ ठरत नाही.

शिक्केपारखी
शिक्क्याने, म्हणजे बुडावरच्या त्या अक्षरांनीच गडबड केलीय. योंगलेचा (१४०३–१४२४) शिक्का सुईने ओरखडलेला, बारीक, बुडाच्या डाव्या कडेला उभा असतो. पातं चालवून सोनं भरायची तऱ्हा त्यानंतरच्या सम्राट श्वांदेची (१४२६–१४३५). योंगलेच्या शिक्क्यावर श्वांदेचा चढवलेल्या वस्तूही सापडतात. पण योंगलेच्या अक्षरांत सोनं म्हणजे ती नंतर कोणीतरी टाकली असं धरून चाला. शिक्का झाकून उरलेल्या वस्तूचा जो भाव वाटेल, तोच खरा.

खोबरेलप्रेमी
चिरेत थोडं खोबरेल सोडलं तर?

चीकशास्त्री
नको, तेल चिरेत उतरून धूळ धरतं आणि पुढे कोणाला ती चिकटवायची झाली तर काही धरत नाही. चीर पडते कारण लाकूड आकसतं आणि वरचा कवच तेवढा आकसत नाही. एसीच्या झोताखाली किंवा कोरड्या उन्हाळ्यात ती वाढते. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास, शक्यतो स्थिर ठेवा. पावसाळ्यातून थेट एसीत नेऊ नका. खिडकीपासून लांब ठेवा, ऊन लागलं की आधी चकाकी जाते, मग बारीक भेगा पडतात आणि असा पृष्ठभाग पाण्यानेही डागाळतो.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने खाचेच्या दिशेने काढा. फडकं नको, धागा सुट्या कपचीत अडकला की कपची घेऊन येतो. स्पिरिट, काचेचा स्प्रे वगैरे काहीही नको. घट्ट बसलेली धूळ तशीच राहू द्या. चिरेची एक बाजू वर उचललेली दिसली, तर मात्र दाबून बसवू नका, जुन्या वस्तू दुरुस्त करून जतन करणाऱ्या जाणकाराकडे द्या.