क्रॅक गेलेली फ्रेम वेल्ड करून घेतलीये, गाडी चालवणं सेफ आहे का?

डबलसीट_भटक्या
नमस्कार मंडळी. बाइक जुनी आहे, सिंगल सिलिंडर, स्टीलच्या पाइपची फ्रेम, हँडलच्या खालून एक जाड पाइप इंजिनाच्या पुढून खाली येतो ती टाइप. धुताना दिसलं की त्या पुढच्या पाइपवर, हेडपासून (फ्रेमचा तो भाग जिथे हँडल आणि फोर्क बसतात) साधारण चार बोटं खाली, रंगात एक केसाएवढी रेघ आहे आणि तिथून गंज पाझरल्यासारखा तपकिरी डाग पडलाय. नखाने रंग खरवडला तर खाली चीर, पाइपच्या पाव घेराएवढी तरी असेल. गॅरेजवाल्याने वेल्ड मारलं, वरून एक पट्टी लावली, काळा रंग मारून दिला आणि म्हणाला पहिल्यापेक्षा मजबूत झालीये, बिनधास्त पळवा. चालवून बघितली, सरळ जाते, आवाज वगैरे काही नाही. पण पुढे बायकोला मागे बसवून सामान बांधून लांब जायचा विचार आहे आणि डोक्यात किडा वळवळतोय. अशी फ्रेम खरंच वापरावी का? कोणाचा अनुभव असेल तर सांगा, घाबरवू नका पण खोटा धीरही नको.

बारा_तेराचा_पाना
भाऊ एवढं टेन्शन कशाला घेतो, कंपनीत पण फ्रेम वेल्डिंगनेच जोडतात ना, आकाशातून अख्खी पडत नाही. माझ्या गाडीची पण फ्रेम वेल्ड केलेली आहे, कित्येक वर्षं झाली, खड्डे खड्डे करत चाललीये. चालव बिनधास्त.

ठिणगी
फॅब्रिकेशनचं काम करतो म्हणून लिहितो. कंपनीत वेल्ड होतं ते नवीन, स्वच्छ, जिगमध्ये, म्हणजे साच्यात, घट्ट धरलेल्या पाइपांवर, आणि जॉइंट कुठे यावा हे डिझाइनवाल्याने आधीच ठरवलेलं असतं. रिपेअर होतं ते रंग, ग्रीस, गंज लागलेल्या आणि आधीच थकलेल्या पाइपवर, तेही जिथे जॉइंट असायला नकोच होता अशा जागी. दोन्हीला वेल्ड म्हणतात एवढंच साम्य. म्हणजे रिपेअर होतच नाही असं मी म्हणत नाहीये, चांगलं होतं, पण कसं केलं त्यावर सगळं आहे.

आता मला हे सांगा. एक, वेल्डच्या आधी चीर ग्राइंडरने पूर्ण उकरून काढली होती का, की तिच्यावरूनच मणी, म्हणजे वेल्डची फुगीर ओळ, ओढला? दोन, चिरेची दोन्ही टोकं कुठे संपतात हे तपासून तिथे बारीक भोक पाडलं का? तीन, वेल्डिंग कोणत्या प्रकारचं, टिग, मिग की साध्या रॉडचं? चार, वरची पट्टी कोणत्या आकाराची, आणि चारी बाजूंनी गोल वेल्ड मारलंय का? पाच, गरम असताना वर पाणी ओतलं का? आणि बॅटरीची वायर काढली होती का, हा प्रश्न फ्रेमचा नाही पण विचारून ठेवतो.

डबलसीट_भटक्या
मी समोरच उभा होतो म्हणून सांगू शकतो. ग्राइंडर फिरवला पण फक्त रंग निघेपर्यंत, खाच वगैरे काही केली नाही. भोक नाही पाडलं. मशीन मिगचं होतं, बंदुकीतून वायर येते तेच ना? पट्टी चौकोनी, लोखंडी, चांगली जाड आहे, पाइपपेक्षा जाडच, चारी बाजूंनी वेल्ड. पाणी नाही ओतलं. बॅटरी काढली होती, ते मीच सांगितलेलं.

ठिणगी
मग बॅटरी आणि पाणी सोडलं तर बाकीचं पटलं नाही मला. चीर न उकरता वर मणी ओढणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना मारणं. चीर आत तशीच बसलीये, वरून झाकली गेली. त्यात मिगची एक खोड आहे, करंट कमी असेल किंवा हात पळवला तर मणी दिसायला झक्कास येतो पण खालच्या धातूत विरघळतच नाही, नुसता वर बसतो. बाहेरून कळत नाही, तुम्हालाही नाही आणि रंग मारल्यावर मलाही नाही.

खरं काम असं असतं: रंग पुरता काढायचा, चिरेची टोकं शोधायची, टोकाच्या थोडं पुढे भोक पाडायचं म्हणजे ती अजून पळत नाही, मग व्ही आकाराची खाच करून चीर मुळापासून काढायची, आणि मग पूर्ण पेनिट्रेशनचं वेल्ड भरायचं, पाइपच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत पोचलं पाहिजे. जमल्यास पाइपच्या आत घट्ट बसणारी स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, घालतात. एक अजून, जुन्या गाड्यांत कधी कधी आधीच कोणीतरी पितळ भरून ठेवलेलं असतं, ते दिसलं तर त्यावर वेल्ड मारायचंच नाही, पितळातलं तांबं वितळून स्टीलच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि तिथेच नवीन चिरा पडतात.

रेषा_आणि_बल
पट्टीबद्दल मी थोडं जोडतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात, जाड पट्टी म्हणजे मजबूत असं वाटतं. जाड चौकोनी पट्टी लावली की तेवढा तुकडा एकदम ताठ होतो, आणि सगळं वाकणं पट्टी जिथे संपते त्या रेषेवर येऊन गोळा होतं. त्यात पट्टीची कड पाइपला आडवी आणि तिच्यावर आडवं वेल्ड, म्हणजे पुढची चीर कुठून निघणार ते आखूनच दिलं. म्हणून पट्टी पाइपच्या जाडीच्या आसपासचीच घेतात आणि टोकं निमुळती, माशाच्या तोंडासारखी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची कापतात, म्हणजे ताठपणा हळूहळू कमी होत जातो आणि आडवं वेल्ड टळतं.

दुसरं, या पाइपवर लोड कसा येतो ते बघा. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की फोर्क वर आणि पुढे ढकलला जातो, तेव्हा हा खालचा पाइप ताणला जातो. पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक मागे ओढलं जातं आणि हाच पाइप दाबला जातो. म्हणजे ताण, दाब, ताण, दाब, प्रत्येक राइडला हजारो वेळा. धातू अशा लोडने थकतो, एकेका वेळचा लोड पाइप तोडण्याएवढा अजिबात नसला तरी चीर थोडी थोडी पुढे सरकत राहते. सरळ चालते आणि आवाज नाही याला म्हणूनच फार अर्थ नाही, चीर शेवटपर्यंत गप्प राहू शकते.

आणि वेल्ड केलेल्या स्टीलच्या जॉइंटचं आयुष्य ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने कमी होतं. ताण २५ टक्के वाढला की आयुष्य जवळपास अर्धं, दुप्पट झाला की आठवा हिस्सा. आता डबलसीट, मागे पेट्या, खराब रस्ता, हे सगळं एकत्र करा. एकट्याने गावात फिरताना जे वेल्ड वर्षानुवर्षं काही बोलणार नाही तेच लांबच्या ट्रिपला बोलेल.

पण मुळात माझा प्रश्न वेगळाच आहे, ती चीर पडली का? नुसतं भरून टाकलं आणि कारण तसंच राहिलं तर परत पडणार, मग वेल्डर कितीही भारी असो. इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट ढिले आहेत का बघा, अशा बऱ्याच फ्रेममध्ये इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो आणि बोल्ट ढिला झाला की त्याचा वाटा पाइपवर येतो. कोनसेट (हेडमधले बेअरिंग) ठोकतोय का, फोर्कमधलं ऑइल संपून तो तळाला आपटतोय का, गाडी आधी समोरून कुठे धडकली होती का, पाइपला कोणी हॉर्न नाहीतर क्रॅश गार्डसाठी भोक पाडलंय किंवा क्लॅम्प वेल्ड केलाय का.

बारा_तेराचा_पाना
मग माझी इतकी वर्षं कशी चालली हो?

रेषा_आणि_बल
तुमची कुठे वेल्ड केलीये?

बारा_तेराचा_पाना
मागे, सीटच्या खाली, कॅरिअर जिथे बसतो तिथे.

रेषा_आणि_बल
तो सबफ्रेम झाला. तिथे गेलं तर सीट खाली बसेल, मडगार्ड टायरला घासेल, आवाज येईल, तुम्ही गाडी बाजूला घ्याल. स्टँडचा ब्रॅकेट वगैरेही त्यातलेच, तिथलं वेल्ड कोणीही नीट करून देतो आणि चालतं. हेडजवळचा पाइप गेला की पुढचं चाक आणि बाकीची गाडी यांचं नातंच संपतं, आणि ते जोरात ब्रेक मारतानाही होऊ शकतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा भाग) फ्रेमला जिथे बसतो ती जागाही मी याच यादीत धरतो.

गिअर_अडकला
मध्येच घुसतो, माझ्या गाडीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे, त्यालाही हेच लागू का?

ठिणगी
नाही, ते वेगळं प्रकरण आहे, आणि जास्त वाईट. ६०६१-टी६ सारखा हीट ट्रीट केलेला मिश्रधातू वेल्ड केला की आजूबाजूच्या पट्ट्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. परत मिळवायला अख्खी फ्रेम ५३० डिग्रीच्या आसपास तापवून गार करायची, मग परत भट्टीत ठेवायची, आणि त्यात ती वाकडी होणार ते वेगळंच. शिवाय स्टीलला एक मर्यादा असते, ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ थकतच नाही, अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, छोटा लोडही मोजला जातो. ओतीव हेड असेल तर विषयच संपला, फ्रेम बदला.

डबलसीट_भटक्या
बापरे. म्हणजे आता काय करू? परत वेल्ड करून घेऊ की फ्रेमच शोधू? आणि सध्या आत काय चाललंय हे कळायचा काही मार्ग आहे का?

रेषा_आणि_बल
आधी चालवणं थांबवा, गावातल्या गावातही नको. मग डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, रंगाने चीर दाखवणारी), तीन स्प्रेचा सेट मिळतो, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. रंग केमिकलने काढा, ग्राइंडरने नको, घासलं की धातू चिरेच्या तोंडावर पसरतो आणि ती झाकली जाते. डाय मारून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, क्लीनर थेट न मारता फडक्यावर घेऊन पुसायचं, मग डेव्हलपर. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पट्टीच्या चारी कडा आणि वर हेडचे सगळे कंपनीचे जॉइंट पण बघून घ्या, एक सापडली की दुसरी बऱ्याचदा जवळच असते. फक्त हे लक्षात ठेवा की डीपीला वरपर्यंत उघडलेली चीरच दिसते, पट्टीखाली किंवा मण्याखाली पुरलेली नाही. तुमची जुनी चीर पट्टीखालीच आहे, म्हणजे लाल रेघ आली नाही तरी सर्टिफिकेट मिळालं असं समजू नका.

ठिणगी
मी तुमच्या जागी असतो तर फ्रेम बदलली असती. हेडच्या इतक्या जवळ, एकदा चुकीचं वेल्ड झालेलं, वर जाड पट्टी, आता ती काढताना पाइप अजून पातळ होणार. अख्खा पाइप कापून नवीन टाकता येतो, पण त्याला जिग लागतो आणि हेडचा कोन चुकला तर गाडी एका बाजूला ओढत राहते. असं काम करणारा माणूस असेल तर करा, तो भाव विचारायच्या आधी चीर का पडली हे विचारेल. विचारलं नाही तर उठून या.

फ्रेम बदलताना चासी नंबरचं बघा, बऱ्याच गाड्यांत तो हेडवरच ठोकलेला असतो. जुन्या फ्रेमचा नंबर कापून नवीनवर चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कागदपत्रं नियमाने बदलून घ्या. आणि नवीन फ्रेमला तो जाड काळा पावडर कोट नको, पातळ फिक्या रंगाचा हात मारा, पुढच्या वेळी रेघ लवकर दिसेल.

डबलसीट_भटक्या
गाडी झाकून ठेवलीये. फाउंडेशन बोल्ट बघितले, पुढचा एक हाताने फिरतोय.

रेषा_आणि_बल
सापडलं मग. तो बोल्ट नवीन घ्या, जुना परत लावू नका, भोक लांबट झालंय का तेही बघा. नवीन फ्रेमवर इंजिन बसवताना सगळे बोल्ट आधी हलके लावून मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचे, एक पूर्ण आवळून दुसरा जबरदस्तीने ओढला की पाइप पहिल्या दिवसापासूनच ताणात.

बारा_तेराचा_पाना
मी पण उद्या माझे बोल्ट बघतो राव.